ई-पेपरचा फलक आणि अक्षर बदलणाऱ्या कळा : किनारपट्टीवर नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मालवण, गुहागर, हर्णै यांसारख्या गावांत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांच्या पडवीत, खानावळीच्या दाराशी किंवा जेट्टीवरच्या तिकीटखिडकीपाशी एक फळा हमखास टांगलेला असतो. भरती-ओहोटीच्या वेळा, किल्ल्याकडे जाणारी होडी कधी सुटणार, आज ताटात सुरमई आहे की बांगडा, एवढा मजकूर त्यावर खडूने लिहिलेला असतो. पावसाळी दमट हवेत खडू नीट उमटत नाही, आणि त्याऐवजी टीव्हीचा पडदा लावावा तर तो दुपारच्या उजेडात दिसत नाही व लाईट गेली की काळा पडतो. अशा जागी ई-पेपरचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पडद्याचा, छोटा फलक चांगला उपयोगी पडतो. तो स्वतः कसा उभारावा हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. त्यानंतर, कळांवरच पडदे असलेले कीबोर्ड मराठी टंकलेखनासाठी कितपत कामाचे आहेत, हेही पाहिले आहे. विजेचे किंवा प्रोग्रॅमिंगचे शिक्षण झालेले नसले तरी चालेल. मात्र संगणकावर फाईल उघडणे आणि स्क्रू-ड्रायव्हर धरणे जमले पाहिजे.

आधी तंत्र समजून घ्या

ई-पेपरच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म पुटिका असतात. प्रत्येक पुटिकेत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात, आणि दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. मागच्या विद्युतपट्टीवर विद्युतदाब (व्होल्टेज) दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसरे खाली जातात. दाब काढून घेतला तरी कण आहेत तेथेच राहतात, म्हणून चित्र टिकवून ठेवायला वीज लागत नाही. ती फक्त चित्र बदलताना खर्च होते. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये झालेल्या संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. पुढे २००९ मध्ये ती एका तैवानी कंपनीने विकत घेतली. २००७ मध्ये आलेल्या किंडलमुळे हा पडदा घरोघरी माहीत झाला.

ई-पेपरला स्वतःचा उजेड नसतो. तो छापील कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचायचा असतो. म्हणूनच भर दुपारी तो टीव्हीपेक्षा स्पष्ट दिसतो, आणि म्हणूनच रात्री लाईट गेल्यावर त्यावरचा मजकूर शाबूत असला तरी तो वाचायला बॅटरी मारावी लागते. ओएलईडी पडद्याचे नेमके उलटे आहे. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, त्यामुळे तो अंधारात उत्तम दिसतो. पण त्याला सतत वीज लागते, आणि एकच चित्र महिनोन्महिने दाखवल्यास त्याचा डाग कायमचा उमटतो.

या दोहोंतून निवड करण्याचा निकष साधा आहे : मजकूर किती वेळाने बदलतो ते पाहावे. दिवसातून चार-सहा वेळा बदलणाऱ्या मजकुराला ई-पेपर योग्य आहे. सेकंदकाटा, धावती जाहिरात किंवा क्रिकेटचा धावफलक यांसाठी तो विकत घेऊ नये.

पहिली पायरी : फलकावर काय लिहायचे ते ठरवणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि थेट खरेदीला लागतात. खरे तर पडद्याचा आकार मजकुरावरून ठरतो. सर्वत्र मिळणारा साडेसात इंची पडदा ८०० बाय ४८० ठिपक्यांचा असतो. त्याची दिसणारी रुंदी सुमारे १६ सेंटिमीटर आणि उंची सुमारे १० सेंटिमीटर भरते. म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साधारण ४९ ठिपके बसतात. दोन-तीन मीटरवरून वाचता यावे म्हणून अक्षर निदान एक सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ओळीला अक्षराच्या दीडपटीहून अधिक उंची द्यावी लागते. हा हिशेब केला की या पडद्यावर मोठ्या अक्षरांच्या पाच ओळी, फार तर सहा, बसतात हे लक्षात येते. तेवढ्यात भरती, ओहोटी, होडीची वेळ आणि आजचे ताट येते. घराचा इतिहास आणि नियमावली येत नाही.

या पाच ओळींपैकी एक ओळ तारखेसाठी राखून ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ई-पेपरचा सर्वांत मोठा गुण हाच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. टीव्ही बिघडला की काळा पडतो आणि बिघाड कोणालाही कळतो. ई-पेपरची बॅटरी संपली तरी शेवटचे चित्र तसेच ठसठशीत दिसत राहते. चार दिवसांपूर्वीची ओहोटीची वेळ आजची समजून एखादे कुटुंब लहान मुलांना घेऊन खडकांवर गेले, तर नुसती गैरसोय होऊन भागणार नाही. म्हणून “ही माहिती अमुक तारखेपुरती” असे शब्द फलकावर ठळक असलेच पाहिजेत, आणि ते खालच्या कोपऱ्यात नव्हे तर सर्वांत वर असावेत.

दुसरी पायरी : खरेदी

तीन वस्तू लागतात : पडदा, त्याला आज्ञा देणारा छोटा संगणक-बोर्ड आणि वीज. नवख्यांनी वेव्हशेअरसारख्या कंपनीचा, सर्किटसकट येणारा काळा-पांढरा पडदा घ्यावा. नुसती काच घेऊ नये. लाल किंवा पिवळा रंग असलेला तीनरंगी पडदा मोहात पाडतो, पण त्याचे चित्र बदलताना बराच वेळ लुकलुक चालते आणि तो जास्तीत जास्त ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असतो. काळा-पांढरा साधारणपणे ५० अंशांपर्यंत चालतो. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. बोर्ड म्हणून ईएसपी३२ पुरेसा आहे. वेळ नेमकी राहावी म्हणून डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल सोबत घ्यावे. ते का, हे पुढे येईल.

तिसरी पायरी : जोडणी

पडद्यापासून निघणाऱ्या आठ तारांपैकी दोन विजेच्या असतात : एक ३.३ व्होल्टची आणि एक जमिनीची (ग्राउंड). उरलेल्या सहांवर बहुधा डीआयएन, सीएलके, सीएस, डीसी, आरएसटी आणि बिझी अशी नावे छापलेली असतात. कोणती तार बोर्डाच्या कोणत्या पिनेला जोडायची हे पडद्यासोबतच्या तक्त्यात दिलेले असते आणि प्रोग्रॅममध्येही तेच क्रमांक लिहावे लागतात. पडदा अजिबात हलला नाही तर आधी बिझीची तार तपासावी. “माझे काम चालू आहे, थांबा” असे पडदा या तारेवरून सांगतो. ती सुटली असेल तर बोर्ड एकतर वाट पाहत बसतो किंवा पडद्याला मध्येच दुसरी आज्ञा देतो. पडद्याला जोडलेली नारिंगी-तपकिरी पातळ पट्टी मुळाशी कधीही दुमडू नये. ती तुटली की दुरुस्त होत नाही.

आर्डुइनो या, अशा बोर्डांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या संगणक-प्रणालीत जीएक्सईपीडी२ ही मोफत लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, मिळते. तिच्यातील नमुना-प्रोग्रॅममध्ये आपल्या पडद्याचे नाव निवडून तो बोर्डवर चढवावा. चित्र उमटण्याआधी पडदा काही वेळा काळा-पांढरा लुकलुकतो. तो बिघाड नसून आधीच्या चित्राची पुसट सावली घालवण्याची पद्धत आहे.

चौथी पायरी : देवनागरी

इंग्रजी नमुना अर्ध्या तासात दिसतो आणि मराठी लिहिताच गाडी अडते. कारण असे, की रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की काम होते. देवनागरीत मात्र साठवणुकीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. “कि” लिहिताना आधी क साठवला जातो आणि नंतर वेलांटी, पण डोळ्यांना वेलांटी क च्या आधी दिसली पाहिजे. जोडाक्षरांत हलन्त लपला पाहिजे आणि अक्षरांनी रूप बदलले पाहिजे. हे काम फोनमध्ये आणि मोठ्या संगणकात एक वेगळी प्रणाली करते. लहान बोर्डांच्या सामान्य लायब्रऱ्यांत ती नसते. परिणामी “किल्ला” हा शब्द मोडक्या तुकड्यांत दिसतो.

यातून दोन वाटा निघतात. पहिली वाट चित्राची : संपूर्ण फलक संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चित्र म्हणून तयार करावा आणि बोर्डला ते तयार चित्र द्यावे. ८०० बाय ४८० ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र अवघ्या ४८,००० बाइटांत मावते, त्यामुळे अडचण येत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील, चित्रे बनवणारी पिलो लायब्ररी वापरत असाल तर तिच्यासोबत अक्षरांची मांडणी करणारा राक्म हा भाग बसवलेला आहे याची खात्री करा, नाहीतर तेथेही वेलांट्या चुकीच्या जागी पडतील. तपासणीसाठी “किल्ल्यावर वाऱ्याचा जोर” हे वाक्य चांगले आहे : त्यात ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर आणि मराठीचा खास “ऱ्य” तिन्ही आहेत. हे वाक्य बरोबर उमटले तर बाकीची काळजी करू नये.

दुसरी वाट मला अधिक पसंत आहे, कारण तिला इंटरनेट लागत नाही. फलकावरचे बहुतेक शब्द कधीच बदलत नाहीत : “भरती”, “ओहोटी”, “होडी सुटेल”, “आजचे ताट”. या शब्दांची चित्रे एकदाच करून बोर्डच्या स्मृतीत ठेवावीत. बदलतात ते फक्त आकडे, आणि देवनागरी आकडे एकमेकांना जोडले जात नाहीत. ० ते ९ ही दहा छोटी चित्रे आणि विसर्गासारखे दोन टिंब एवढ्यावर कोणतीही वेळ लिहिता येते. सुरमई, पापलेट, बांगडा, तिसऱ्या, कोळंबी यांचीही अशीच चित्रे करून एका बटणाने निवडता येतात.

फाँट निवडताना नूतन आणि नाजूक दिसणारे टाळावेत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मधला राखाडी रंग नसल्याने बारीक शिरोरेषा तुटक दिसते. मुक्ता (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी या फाँटांची मध्यम अथवा ठळक वजने चांगली उमटतात. चित्र काळे-पांढरे करताना राखाडी छटा ठिपक्यांनी दाखवण्याचा पर्याय बंद ठेवावा. तो छायाचित्रांसाठी आहे, अक्षरांसाठी नाही.

पाचवी पायरी : वेळा भरणे

भरती-ओहोटीची अधिकृत कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून किनाऱ्यासाठी अंदाज मिळतात. आपल्या जवळच्या बंदराचे कोष्टक घ्यावे. मुंबईच्या वेळा मालवणला जशाच्या तशा लावू नयेत. दिवसाला साधारण चार नोंदी धरल्या तर वर्षाच्या सुमारे १,४६० नोंदी होतात. प्रत्येकीला चार बाइट दिले तरी सगळे वर्ष सहा किलोबाइटांच्या आत बसते, आणि ईएसपी३२ च्या बोर्डवर बहुधा चार मेगाबाइट जागा असते. मोबाइलची रेंज डोंगराआड जाते अशा वाडीत ही गोष्ट फार सोयीची आहे : वर्षातून एकदा कोष्टक भरले की फलक स्वतःच्या घड्याळावर चालतो. ईएसपी३२ झोपेत असताना त्याचे अंगचे घड्याळ बरेच पुढे-मागे होते, म्हणून डीएस३२३१ घ्यायचे.

भरलेल्या आकड्यांची पडताळणी करायला दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा वापरावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. हा हिशेब तासभर इकडेतिकडे होतो, त्यामुळे तो फलकावर लावण्याजोगा नाही. पण अष्टमीला फलक दुपारी बाराची भरती दाखवत असेल, तर भरती आणि ओहोटीचे रकाने उलटे भरले गेले आहेत हे त्यावरून लगेच पकडता येते. घरात पंचांग असतेच.

सहावी पायरी : वीज

येथे नवख्यांची दोनदा फसगत होते. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह घेते हे खरे आहे, पण बाजारात मिळणाऱ्या पूर्ण बोर्डवर लाल दिवा, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज उतरवणारा भागही असतो. हे सगळे मिळून झोपेतही काही मिलिअँपिअर खातात. समजा पाच मिलिअँपिअर गेले, तर दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास होतात आणि २,५०० चा सेल तीन आठवड्यांत रिकामा होतो. झोपेतला कमी वापर स्पष्ट छापलेला, बॅटरीसाठीच बनवलेला बोर्ड घेतला तर हाच सेल कितीतरी जास्त चालतो. दुसरी फसगत पॉवर बँकेची. प्रवाह फार कमी झाला की बहुतेक पॉवर बँका “फोन काढला” असे समजून स्वतःच बंद होतात. तेव्हा लिथियम सेल आणि त्याचे संरक्षक चार्जर-मॉड्यूल वापरावे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांतील वीज दीर्घकाळ गेली होती. असा प्रसंग आला तर महिनाभर तग धरणारा फलकच कामाला येतो.

सातवी पायरी : पेटी आणि जागा

खारी हवा पितळ-तांब्याला सोडत नाही, तर उघड्या पिनांना काय सोडणार! बोर्डवर, जोडपट्ट्या आणि बटणे चिकटपट्टीने झाकून, अॅक्रेलिक वॉर्निशचा पातळ फवारा मारावा. पडद्यावर तो अजिबात उडू देऊ नये. पेटी प्लास्टिकची, रबरी कडा असलेली घ्यावी. तार खालच्या बाजूने आत न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलातून गळून जाते. पेटी जुलैत बंद केली तर जुलैची दमट हवा आत कोंडली जाते आणि रात्री काचेला आतून पाणी सुटते. म्हणून ती हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी बंद करावी, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पुडीचा रंग बदलला की ती बदलावी.

फलक उन्हात नको. उन्हात तो सुरेख दिसतो हे खरे, पण सतत कडक ऊन लागल्यास कणांची हालचाल मंदावते आणि हे नुकसान भरून येत नाही. उत्पादक स्वतः हे पडदे घरात वापरण्याची शिफारस करतात. पडवीची आतली भिंत ही योग्य जागा. समोर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावलेली काच असल्यास आणखी बरे.

अक्षर बदलणाऱ्या कळा

फलकासाठी रोज थोडेफार मराठी टंकलेखन करावे लागते, आणि तेथे इन्स्क्रिप्ट, म्हणजे संगणकावरची प्रमाणित देवनागरी कळमांडणी, पाठ नसल्याची अडचण येते. कळेवरचे अक्षर भाषेप्रमाणे बदलले तर किती बरे, हा विचार नवा नाही. मॉस्कोच्या आर्तेमी लेबेदेव स्टुडिओने २००५ मध्ये ऑप्टिमस मॅक्सिमसची कल्पना मांडली आणि २००८ मध्ये तो कीबोर्ड विक्रीला आला. त्याच्या प्रत्येक कळेत ४८ बाय ४८ ठिपक्यांचा स्वतंत्र ओएलईडी पडदा होता, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. लेनोव्होने २०१८ मध्ये योगा बुक सी९३० या लॅपटॉपची खालची बाजूच ई-पेपरची केली. तेथे मांडणी हवी तशी बदलते, पण बोटाखाली दबणारी कळ उरत नाही. फ्रान्सच्या एलडीएलसीने २०१९ मध्ये नेमेयो नावाचा, पारदर्शक कळांखाली ई-पेपर असलेला कीबोर्ड दाखवला. माझ्या मते तत्त्वतः हीच मांडणी सर्वांत योग्य आहे, कारण भाषा दिवसातून काही वेळाच बदलते आणि त्या दोन बदलांमध्ये ई-पेपरला वीज लागत नाही.

हातात येईल असा पर्याय म्हणजे स्ट्रीम डेकसारखी पंधरा कळांची पेटी. तिच्यात एकच एलसीडी पडदा पारदर्शक कळांखाली असतो. प्रत्येक कळेला चित्र आणि मजकूर देता येतो, त्यामुळे “खोली उपलब्ध नाही” किंवा “पावसाळ्यात होडी बंद” अशी तयार वाक्ये एका दाबात टाकता येतात. जे स्वतः कीबोर्ड जोडतात, ते १२८ बाय ३२ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी लावतात आणि त्यावर कोणता थर, म्हणजे कळांची कोणती मांडणी, चालू आहे ते दाखवतात. अशा कीबोर्डच्या आत चालणारा क्यूएमके हा प्रोग्रॅम (फर्मवेअर) हा पडदा एक मिनिट वापर नसल्यास आपोआप बंद करतो. ही सोय चालूच ठेवावी, नाहीतर डाग उमटतो. बिनतारी कीबोर्डवर नाइसव्ह्यू हा पडदा दिसला तर त्याला ई-पेपर समजू नये. तो शार्पच्या मेमरी एलसीडीचा आहे; वीज अत्यल्प घेतो, पण घेतो, आणि ती तुटली की चित्र जाते.

हे कीबोर्ड विकत घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. तो क्रमांक “के” आहे की “क”, हे संगणक ठरवतो. म्हणून संगणकावर माउसने भाषा मराठी केली तर कीबोर्डवरच्या पडद्याला त्याचा पत्ताही लागत नाही. भाषा बदलण्यासाठी कीबोर्डवरचीच एक कळ ठरवावी आणि नेहमी तीच वापरावी, किंवा संगणकावर असा प्रोग्रॅम चालवावा जो कीबोर्डला भाषा कळवत राहील. हे न केल्यास कळेवर “त” दिसेल आणि कागदावर “एल” उमटेल.

ज्यांना दिवसाला पाच-दहा ओळीच लिहायच्या आहेत, त्यांना मी देवनागरी कोरलेल्या कळांचा साधा कीबोर्ड सुचवतो. इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, क च्या कळेवर शिफ्टसह ख येतो, ल च्या कळेवर शिफ्टसह ळ. ही जोडी लक्षात आली की पडद्याची गरज बरीच कमी होते.

देखभाल

उत्पादकांची सूचना अशी आहे की ई-पेपर दिवसातून निदान एकदा पूर्ण ताजा करावा, आणि दोन बदलांमध्ये तीन मिनिटांहून अधिक अंतर ठेवावे. प्रोग्रॅममध्ये पहाटेची एक वेळ या पूर्ण ताजेपणासाठी नेमून द्यावी, आणि चित्र बदलून होताच पडद्याला झोपेची आज्ञा द्यावी. त्यावर विद्युतदाब तसाच राहिला तर तो खराब होतो. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद झाली आणि पाहुणे यायचे थांबले की अनेक जण फलक उतरवून ठेवतात. उतरवण्याआधी पडदा पूर्ण पांढरा करावा, सेल काढून घ्यावा, आणि सिलिका जेलच्या नव्या पुडीसह तो घट्ट झाकणाच्या डब्यात, आडवा व वजनाखाली येणार नाही असा ठेवावा. सप्टेंबरात परत लावताना आधी घड्याळ बरोबर आहे का ते पाहावे आणि मगच भरतीची वेळ दाखवू द्यावी.